ज्या फुलाला तळघर लागले नाही

चैत्र लागला की देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या जंगलपट्ट्यात पहाटेची हवा गोड होते. झाडांवर पाने जवळपास नसतात आणि खाली जमिनीवर फिकट पिवळी, गरदार फुले पडलेली असतात. उजाडायच्या आत टोपल्या घेऊन माणसे झाडाखाली पोचतात, कारण उशीर झाला तर अस्वल, हरणे आणि गुरे आपला वाटा घेऊन जातात. गोंदिया जिल्ह्यात राहणाऱ्याला हे मोहाचे दृश्य सांगावे लागत नाही. याच फुलाची दुसरी बाजू, त्यापासून गाळलेली दारू, हीही त्याला ठाऊक असते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ती अधूनमधून भेटते: अमुक गावाजवळ धाड, इतके लिटर मोहफुलाचा सडवा नष्ट.

हजारो मैलांवर ग्रीसमध्येही एका गोड कच्च्या मालापासून असेच पेय होते. तो माल द्राक्षाचा. ते पेयही देवाला वाहिले जाते, लग्नात लागते आणि लोकांच्या जगण्यात मुरलेले आहे. पण तिथे त्या पेयाच्या नावाने गावे ओळखली जातात आणि लोक एक दिवस काढून ती गावे पाहायला जातात. इकडे त्याच जातीच्या वस्तूची नोंद पंचनाम्यात होते. हा फरक संस्कृतीचा आहे, असे चटकन म्हणता येईल. पण ते उत्तर अपुरे आहे. फरकाची सुरुवात फुलाच्या आणि फळाच्या घडणीतच आहे, आणि पुढचे काम कायद्याने केले आहे.

नेमेआमध्ये एक दिवस

ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीज द्वीपकल्पात नेमेआ नावाचे गाव आहे. पुराणकथेत हेराक्लीसने जो सिंह मारला तो इथला. सकाळी माणूस झ्यूसच्या मंदिरापाशी जातो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातले हे मंदिर. त्याचे तीन खांब प्राचीन काळापासून आजवर उभेच होते, बाकीचे काही अलीकडे पुन्हा उभारले. जवळच क्रीडांगण आहे. इसवी सनापूर्वी 573 पासून नेमेआचे खेळ भरत, अशी परंपरा सांगते. खेळाडू मैदानात उतरायचे तो दगडी बोगदा अजून शाबूत आहे आणि त्याच्या भिंतींवर त्यांनी खरडलेली नावे वाचता येतात. दुपारनंतर तोच प्रवासी द्राक्षमळ्यांतून एखाद्या वायनरीत पोचतो. खाली उतरले की थंड तळघर, लाकडी पिंपांच्या रांगा आणि प्रत्येक पिंपावर साल लिहिलेले. इथल्या द्राक्षाचे नाव आगिओर्गीतिको, म्हणजे संत जॉर्जचे. आजच्या गावाचे जुने नावही तेच होते. 1971 साली ग्रीक सरकारने नेमेआ हे नाव कायद्याने राखून ठेवले. ठरलेल्या हद्दीत आणि ठरलेल्या द्राक्षापासून केलेल्या वाइनलाच ते लावता येते.

या दिवसात प्रवासी नेमके काय पाहतो, याकडे लक्ष द्यायला हवे. मंदिर आणि मैदान तर आहेच, पण त्याला गाव म्हणून जे आठवते ते तळघर, पिंपे, मळ्याची हद्द आणि बाटलीवरचे साल. या चारही गोष्टी द्राक्षाच्या स्वभावातून आल्या आहेत.

द्राक्ष थांबत नाही, मोह थांबतो

पिकलेल्या द्राक्षात पाऊण भागाहून थोडे अधिक पाणी असते आणि जवळपास पाव भाग साखर. साल फाटली की रस उघडा पडतो. हवेत, सालीवर, हाताळणाऱ्याच्या हातावर असलेले यीस्ट, म्हणजे साखर खाणारे एकपेशीय सूक्ष्म जीव, कामाला लागतात. इडलीचे पीठ रात्रीत फुगते तेही सूक्ष्म जीवांमुळेच. पिठात फुगवणारा वायू आपल्या कामाचा, इथे त्या वायूबरोबर तयार होणारा अल्कोहोल. उन्हाळ्याच्या शेवटी तोडलेली द्राक्षे दोन-तीन दिवस ढिगात ठेवली तर ती फुटतात, आंबतात, बुरशी धरतात. म्हणून चांगल्या वाइनसाठी द्राक्षे तोडल्यावर काही तासांतच चिरडायला घ्यावी लागतात. मळा आणि वायनरी एकमेकांजवळ असतात त्याचे कारण एवढे साधे आहे. सगळे पीक तीन-चार आठवड्यांत येते, सगळा रस एकदम आंबतो आणि मग तो कुठेतरी वर्षभर ठेवणे भाग पडते. तळघर ही ती जागा. द्राक्षात आंबटपणा चांगला असतो आणि साली-बियांतून तुरटपणा उतरतो. या दोन्हींमुळे वाइन लवकर बिघडत नाही, नीट ठेवली तर काही वर्षे सुधारतेसुद्धा. त्यामुळे साल लिहिण्याला अर्थ येतो. पावसाळी सालाची वाइन वेगळी, कोरड्या सालाची वेगळी.

आता मोह पाहू. इथे गोड आहे ते फळ नसून फूल आहे, आणि बहुतेक फुलांसारखे ते गोड मधाचा थेंब तळाशी ठेवून बसत नाही. त्याची पाकळीच गरदार आणि साखरेने भरलेली असते. कारण त्याचे पाहुणे फुलपाखरे नव्हेत, वटवाघळे आहेत. मोह रात्री फुलतो. फळे खाणारी वटवाघळे गोड गरासाठी येतात आणि तोंडा-अंगाला लागलेले परागकण दुसऱ्या झाडावर नेतात. हे काम झाले की झाड गरदार पाकळ्यांची नळी पुंकेसरांसकट सोडून देते आणि बीजकोश मात्र फांदीवर धरून ठेवते. पहाटेला जमिनीवर जे पडते ते झाडाने काम संपल्यावर टाकलेले असते. पुढे त्या बीजकोशाचे फळ होते, फळातल्या बियांचे तेल निघते. म्हणजे पडलेले फूल वेचल्याने झाडाचे फळ कमी होत नाही. द्राक्षाच्या वेलीला माणूस छाटतो, बांधतो, खत घालतो. मोहाला कोणी लावतही नाही. जंगल तोडून धानाचे बांध घातले तेव्हा मोहाची झाडे मात्र बांधावर राखली गेली, आणि कुठले झाड कुणी वेचायचे हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते.

यापुढची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. वेचलेले मोहफूल उन्हात तीन-चार दिवसांत वाळते आणि मनुकेसारखे तांबूस, सुरकुतलेले होते. वाळल्यावर त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखर असतो. एवढी साखर आणि इतके कमी पाणी असले की यीस्ट काही करू शकत नाही. मुरांबा बाहेर ठेवला तरी टिकतो, त्यामागेही हेच आहे. वाळलेले मोहफूल कणगीत वर्षभर राहते. हवे तेव्हा, हवे तितके काढायचे, पाण्यात भिजवायचे, आणि तिथून आंबणे सुरू. त्यामुळे हंगामात एकदम रस आंबवून साठवायची गरजच पडत नाही. साठवण होते ती फुलाची, पेयाची नव्हे. तळघर लागत नाही, पिंप लागत नाही. पावशेर लागले तर पावशेर होते, आणि ते कुठल्याही चुलीवर होते. द्राक्षाला आपल्या मळ्याजवळ थांबावे लागले म्हणून गाव उभे राहिले. मोह पोत्यात बसून कुठेही जाऊ शकला, म्हणून त्याच्या नावाचे गाव झाले नाही.

कोणी म्हणेल, द्राक्षेही वाळवता येतात, मनुकांचीही वाइन होते. ग्रीसच्याच सांतोरिनी बेटावर आसिर्तिको द्राक्षे उन्हात वाळवून विनसांतो नावाची गोड वाइन करतात. खरे आहे. पण तिथे वाळवणे साठवणीसाठी नसते, रस दाट करण्यासाठी असते. थोडे दिवस ऊन दाखवून लगेच ती दाबली जातात आणि पुढची कित्येक वर्षे वाइन पिंपातच जाते. उलट बाजूचा पुरावा आपल्या शेजारी गोव्यात आहे. काजूचे बोंड झाडावरून पडले की झपाट्याने बिघडते, ते वाळवून ठेवता येत नाही. म्हणून फेणीच्या भट्ट्या काजूच्या बागांजवळ आणि काजूच्या हंगामातच लागतात. फळ नाशवंत असल्यामुळे पेय जागेला बांधले गेले. 2009 साली गोव्याच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ते नाव त्या जागेपुरते राखले गेले.

| सडव्यापासून धारेपर्यंत |
|---|
| वाळलेली फुले पाण्यात भिजत घातली की चार ते आठ दिवसांत आंबतात, गारठ्यात जास्त दिवस लागतात. या आंबलेल्या मिश्रणाला सडवा म्हणतात. फुलात साखर भरपूर पण यीस्टच्या वाढीला लागणारा नत्र कमी असतो. काही जण नवसागर टाकतात तो याचसाठी, कारण त्यात नत्र असतो. चांगल्या मोहाला त्याची गरज नसते, थोडा वेळ जास्त द्यावा लागतो. |
| सडवा तापवला की अल्कोहोल आधी वाफ होतो: तो सुमारे 78 अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी 100 अंशांना. वाफ वरच्या गार भांड्याला लागून थेंब होतात, भाताच्या झाकणाखाली होतात तसेच. पहिल्या वाफेत अल्कोहोल अधिक, म्हणून पहिल्या धारेची दारू सर्वांत कडक. पुढे पाणी वाढत जाते. |
| सडवा वाइनसारखा मुरवत का नाहीत? मोहात द्राक्षाच्या मानाने आंबटपणा कमी असतो. आंबलेला रस लवकर बिघडतो, म्हणून गाळणे हाच त्याला टिकवण्याचा मार्ग ठरला. |

कायद्याची रेघ

घडणीने मोहाला विखुरलेले ठेवले. पण विखुरलेली वस्तूही प्रतिष्ठेची होऊ शकते. ग्रीसमध्येच त्याचे उदाहरण आहे. द्राक्षे दाबल्यावर उरलेल्या चोथ्यापासून तिथे त्सीपुरो नावाची कडक दारू गाळतात. शेतकऱ्यांच्या तांब्याच्या भट्ट्या शरद ऋतूत ठरलेल्या दिवसांपुरत्या परवान्याने पेटतात आणि त्यांच्याभोवती गावजेवण जमते. कंपन्यांना बाटलीबंद त्सीपुरो विकायला परवानगी मिळाली ती 1980 च्या दशकाअखेर. पण शेतकऱ्याची भट्टी त्याआधीही बेकायदेशीर नव्हती, तिच्यावर मोजणी आणि कर होता. या सवलतीच्या करावरून युरोपीय न्यायालयात 2019 साली ग्रीसविरुद्ध निकाल गेला, तरी भट्टी पेटवण्याचा हक्क कुणी नाकारला नाही.

आपल्याकडे उलटे झाले. इंग्रज सरकारला दारूवरचा कर हे उत्पन्नाचे मोठे साधन हवे होते आणि घराघरांतल्या चुली मोजता येत नाहीत. म्हणून मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला आणि दारू मोजक्या सरकारमान्य भट्ट्यांकडे ढकलली गेली. पण कच्चे फूल घरात असेपर्यंत घरची चूल बंद होणार नव्हती. यावर तोडगा म्हणून 1892 साली खास मोहाचाच कायदा झाला. ठाणे-कुलाबा भागात फुले बाळगण्यावर आणि नेण्यावर बंधने आली. वाळलेले फूल टिकते, हा त्याचा गुणच त्याच्या विरोधात गेला: जे वर्षभर राहते त्यावर वर्षभर नजर ठेवता येते. गोंदिया तेव्हा मध्य प्रांतात होते. तिथली अबकारी व्यवस्था निराळी असली तरी रोख तोच, गावच्या भट्ट्यांऐवजी ठेकेदाराची दारू. पुढे विदर्भ 1956 मध्ये मुंबई राज्यात आला आणि 1949 चा दारूबंदी कायदा इकडेही लागू झाला. परवाने घेऊन कारखान्यातली दारू विकता येऊ लागली, घरची मोहाची मात्र गुन्हाच राहिली.

या रेघेचा अर्थ सालेकसा-देवरीच्या सीमेवर उभे राहिले की कळतो. एका बाजूला मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. झाडे तीच, नातीगोती तीच. त्या दोन्ही राज्यांत आदिवासींना स्वतःच्या वापरापुरती ठरावीक दारू गाळायची सवलत आहे. 2021 मध्ये मध्य प्रदेशाने तर मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून मान्यता द्यायचे जाहीर केले आणि अलीराजपूर, दिंडोरी भागातल्या बचतगटांकडे ते काम सोपवले. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरची बंधने उठवायचा निर्णय घेतला. उशिरा का होईना, फूल मोकळे झाले. घरचे पेय अजून नाही.

याच राज्याने दुसऱ्या एका पेयाला कसे वागवले, हे शेजारी ठेवून पाहिले पाहिजे. नाशिकला वाइनची जुनी परंपरा नव्हती. तिथे खायच्या द्राक्षांचे मळे होते. 2001 मध्ये सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले, वाइनला करात सवलत दिली, आणि दोन दशकांत नाशिकला वायनरी पाहायला, मुक्कामाला लोक येऊ लागले. नाशिक व्हॅली वाइन या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे गाव उभे राहायला हजारो वर्षे लागतातच असे नाही. कायद्याने वाट दिली तर वीस वर्षे पुरतात. ज्याच्याजवळ जमीन आणि भांडवल होते त्याच्या पेयाला वाट मिळाली, आणि ज्याच्याजवळ फक्त बांधावरचे झाड होते त्याच्या पेयावर धाडी पडल्या, हे मला अन्यायाचे वाटते आणि ते तसे स्पष्ट म्हटले पाहिजे.

आक्षेप हलके नाहीत

दारूने घरे उद्ध्वस्त होतात, हा पहिला आक्षेप. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे आणि तिच्यामागे गावोगावच्या बायकांची चळवळ होती. चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली, 2021 मध्ये उठली. ज्या बायकांनी बंदी मागितली त्यांनी आपल्या घरातले भोगूनच मागितली. त्यांचे म्हणणे बाजूला ठेवून मोहाचे कौतुक करणे अप्रामाणिक होईल. पण त्या चळवळीने जी दारू पाहिली ती बहुतांशी रोज, पैशाने विकली जाणारी दारू होती. मोहाची गावातली जागा जन्म, लग्न, मृत्यू आणि देवाला अर्पण अशी प्रसंगांनी बांधलेली होती. गोंडांच्या लग्नमंडपात मोहाची फांदी लागते. प्रसंगाची जागा बाजाराने घेतली की मोह असो की कारखान्याची, दोन्ही सारखीच घातक. ग्रामसभेने मर्यादा घालायची आणि न विकण्याच्या अटीवर सवलत द्यायची, हा उपाय या आक्षेपाला धरून चालतो.

दुसरा आक्षेप विषबाधेचा. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली. पण त्यांना मारणारा पदार्थ मिथेनॉल होता, आणि अशा दुर्घटनांत तो बहुतेक वेळा कारखान्यांतून चोरून आणलेला असतो. मिथेनॉल साखरेतून तयार होत नाही. फळाच्या गरातल्या पेक्टिनमधून तो थोडा सुटतो, म्हणून तो वाइनमध्येही असतो, घातक नसलेल्या प्रमाणात. भट्टी लपूनछपून चालवावी लागते तेव्हा फुलांऐवजी काळा गूळ, नवसागर आणि त्याहून वाईट काही मिसळले जाते, कारण विचारणारा कोणी नसतो. मोजणी आणि तपासणी व्हायची तर आधी उघडपणा हवा.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो: मोहाला नाव मिळाले की ते कंपन्यांच्या हाती जाईल आणि वेचणारा पुन्हा पोते विकणाराच राहील. नाशिकचा अनुभव हा धोका दाखवतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने मोहफुलासारख्या गौण वनोपजावर गावाची मालकी मान्य केली आहे. मोहाला मानांकन द्यायचे तर ते या मालकीला जोडलेले असावे. नेमेआ हे नाव एखाद्या कंपनीच्या मालकीचे नाही, ठरलेल्या हद्दीतले सगळेच उत्पादक ते लावतात. तीच अट इथे ग्रामसभांसाठी लिहिता येईल.

गोंदियात एक दिवस

मग असा दिवस इथे कसा दिसेल? तो पहाटे सुरू व्हावा लागेल, कारण नेमेआची दुपार तळघरात जाते तशी इथली सगळी घडामोड झाडाखाली सूर्योदयाआधी होऊन जाते. मार्चच्या शेवटी सालेकसा किंवा देवरीकडच्या एखाद्या गावात फुले वेचताना पाहायची, अंगणातल्या वाळवणावर तीन दिवसांचे तीन रंग पाहायचे, मोहाची भाकरी आणि लाडू खायचे. दुष्काळात या फुलांवर घरे तगली आहेत, त्यामुळे मोहाचा दिवस दारूशिवायही पुरा होतो. नंतर दरेकशाजवळच्या कचारगडच्या गुहांकडे जायचे. माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड लोक इथे पूर्वजांच्या दर्शनाला येतात. झ्यूसच्या मंदिरात आज पूजा होत नाही, कचारगड जिवंत तीर्थ आहे. तिथे पाहुण्याने आमंत्रणानेच आणि मान राखून जावे. संध्याकाळी नवेगावबांधचा तलाव. कोहळी समाजाने बांधलेल्या अशा तलावांवर या जिल्ह्याचे धान पिकते आणि त्यांच्या काठच्या बांधांवर जुने मोह उभे दिसतात.

हे जुने मोह मात्र एका अडचणीत आहेत. फुले नीट दिसावीत म्हणून कित्येक ठिकाणी झाडाखालचा पाचोळा जाळतात. ती आग जंगलात पसरते, आणि पसरली नाही तरी रुजलेली रोपे जळतात. म्हणून अनेक मोहाखाली त्याच मोहाची पोरे दिसत नाहीत. उपाय स्वस्त आहे: झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या बांधायच्या. फूल मातीला लागत नाही, वाळते स्वच्छ, भाव बरा येतो आणि काडी ओढावी लागत नाही. काही गावांनी हे सुरू केले आहे. नेमेआच्या मळ्यात वेल म्हातारी झाली की नवी लावतात. इथे नवे झाड लावायला कोणी येणार नाही, तेव्हा पुढच्या चैत्रात झाडाखाली साडी बांधली जाते की काडी ओढली जाते, यावर पन्नास वर्षांनंतरचा मोह ठरतो.